बांधावरून कीड दिसत नाही

भातावरची कीड बघायची तर आधी चिखलात उतरावं लागतं. उरण तालुक्याच्या पूर्वेला चिरनेर, कळंबुसरे, कोप्रोली, पिरकोन, आवरे या पट्ट्यात भाद्रपदात फिरलं, तर रस्त्यावरून सगळी खाचरं सारखीच हिरवी दिसतात. कुठल्या खाचरात पीक पोटरीत आहे आणि कुठल्या खाचरात ते आतून पोखरलं गेलंय, हे वरून कळत नाही. ज्या काकांच्या मागोमाग मी खाचरात उतरलो, त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि एवढंच म्हटलं, "बांधावरनं कीर दिसत नाय. आत ये."

त्यांची पद्धत साधी आहे. खाचराच्या एका कोपऱ्यातून शिरायचं, तिरकं चालत समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडायचं आणि वाटेत वीस चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचे जुडगे, तपासायचे. चूड निवडायचा नाही, पाय थांबेल तिथला घ्यायचा. निवडायला गेलं की डोळा आपसूक वाळक्या चुडाकडे जातो आणि मग सगळं शेतच गेलं असं वाटू लागतं. प्रत्येक चुडात फुटवे किती आणि त्यांतल्या कितींचं मधलं पान वाळलंय, एवढंच मोजायचं. चुडाला सरासरी 12 फुटवे धरले तर वीस चुडांत 240 होतात. त्यांत 12 फुटव्यांचा गाभा मेलेला असेल तर प्रमाण झालं 5 टक्के. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत खोडकिड्यासाठी हीच पातळी दिलेली असते. कीड याच्या खाली असेल तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाचलेल्या भातातून निघत नाही.

काकांनी एक वाळलेला पोंगा, म्हणजे फुटव्याचं मधलं पान, दोन बोटांत धरून वर ओढला. जोर न लावताच तो हातात आला. त्याचं बूड कुरतडलेलं आणि कुजकट वासाचं होतं. उंदराने तोडलेला फुटवा वेगळा ओळखू येतो, तो तिरका कापलेला असतो. मग त्यांनी नखाने खोड उभं चिरलं. आत पिवळसर पांढरी, गडद डोक्याची अळी होती. एका फुटव्यात बहुधा एकच अळी सापडते.

हा पिवळा खोडकिडा, कोकणातल्या भाताचा जुना शत्रू. याची मादी म्हणजे फिकट पिवळा पतंग, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि स्वतःच्या अंगावरच्या केसांनी तो झाकून टाकते. आठवडाभरात बारीक अळ्या बाहेर पडतात, तोंडातून काढलेल्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडांवर जातात आणि खोडात शिरतात. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत वरून फवारलेलं औषध पोचणं अवघड. फुटव्यांच्या दिवसांत अळी शिरली तर पोंगा मरतो, पण भात नवे फुटवे काढून बरीच तूट भरून काढतं. पोटरीच्या वेळी शिरली तर मात्र लोंबी पांढरी आणि पोकळ बाहेर पडते. तिला पळींज म्हणतात. पळींज दिसली की दुकानाकडे धावणारे बरेच असतात. पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं, कुठल्याही औषधाने ती लोंबी भरत नाही.

म्हणून खोडकिड्याला गाठायचं ते त्याच्या अंड्यात, नाहीतर कापणीनंतर धसकटात. लावणीच्या वेळी मुठीतल्या रोपांचे शेंडे खुडून टाकले, तर त्यांवरचे अंडीपुंज तिथल्या तिथे जातात. याला खर्च शून्य. लावणीनंतर ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं, लावता येतात. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभराचीही नसलेली गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे त्या अंड्यातून अळीऐवजी तिचीच पिल्लं निघतात. भातासाठी तिची जापोनिकम ही जात वापरतात. कार्डाचे तुकडे करून ते पानांच्या खालच्या बाजूला टाचायचे आणि त्यानंतर काही दिवस तिथे औषध फवारायचं नाही. नाहीतर पैसे देऊन आणलेले मित्र आपणच मारतो.

पुढच्या खाचरात काकांनी वेगळंच केलं. चूड एका हाताने वाकवून दुसऱ्या हाताने बुडाशी दोन थापट्या मारल्या आणि पाण्याकडे बघायला सांगितलं. तपकिरी रंगाचे, तांदळाच्या दाण्याहून लहान तुडतुडे पाण्यावर पडून सैरावैरा पळत होते. यांचा सगळा कारभार बुडाशी चालतो. तिथे सावली, ओल आणि दाटी असते. रस शोषून शोषून चूड पिवळा पडतो, वाळतो आणि शेतात गोल गोल करपलेले पट्टे दिसू लागतात. चुडामागे 5 ते 10 तुडतुडे होईपर्यंत थांबा, अशी शिफारस आहे. फवारायची वेळ आलीच तर नोझल बुडाकडे हवा. शेंड्यांवर मारलेलं औषध तुडतुड्यांपर्यंत जात नाही. ते पडतं वरच्या कोळ्यांच्या अंगावर.

त्याच पाण्यावर कोळीही पळत होते. काकांनी तेही मोजले. लांब पायांचा लांडगा कोळी जाळं विणत नाही, चुडावरून चुडावर जाऊन शिकार करतो, आणि तुडतुडे हे त्याचं रोजचं खाणं. मिरीड नावाचा हिरवट ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोषून खातो. हे दोघे शेतात असतील तर आठवडाभर वाट बघण्यात शहाणपण आहे.

हे शहाणपण आशियातल्या भातशेतीला मोठी किंमत मोजून आलं. 1970 च्या दशकात इंडोनेशियात सरकारी अनुदानामुळे औषधं स्वस्त झाली, फवारण्या वाढल्या आणि तपकिरी तुडतुडे कमी होण्याऐवजी वाढत गेले. औषधाने कोळी मेले, तुडतुड्यांची रोपाच्या आत घातलेली अंडी वाचली, आणि त्या अंड्यांतून निघालेल्यांना खायला कोणी उरलं नाही. 1986 मध्ये त्या देशाने भातावरची 57 कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली आणि 1989 पासून शेतकऱ्यांना थेट शेतात बसवून कीड आणि मित्रकीटक ओळखायला शिकवलं. आपल्याकडच्या कृषी विभागाच्या शेतीशाळांचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्रालाही चटका बसला होता. 2008 साली सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा गाभा काकांच्या तिरक्या फेरीपेक्षा वेगळा नाही. ठरावीक अंतराने शेतात जा, मोजा, मग सल्ला द्या.

तुडतुड्यांना आवतण बहुतेक वेळा आपणच देतो. दाट लावणी आणि युरियाचा मारा यांमुळे भात हिरवंगार, मऊ आणि रसाळ होतं. या दोन्हींवर कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत उत्तर आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, 15 आणि 25 सेंटिमीटरचं अंतर आलटून पालटून ठेवत लावणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोल खोचायची. राखेतला सिलिका रोपाचं खोड कणखर करतो, मोकळ्या ओळींतून वारा खेळतो आणि गोळीतलं खत हळूहळू मिळत असल्याने भात एकदम माजत नाही. कीड नियंत्रणाचा निम्मा भाग असा लावणीच्या दिवशीच उरकतो.

काही किडींसाठी औषधाची गरजच पडत नाही. सुरळीतली अळी पान कापून त्याची नळी करते आणि तीत राहते. तिला श्वासासाठी पाणी लागतं. दोन जण समोरासमोरच्या बांधांवर उभे राहून दोर पिकावरून ओढत नेतात, सुरळ्या पाण्यात पडतात. मग खाचराचं तोंड फोडून पाणी सोडायचं आणि वाहून आलेल्या सुरळ्या तोंडाशी गोळा करायच्या. लष्करी अळी मात्र कापणीच्या तोंडावर येते. दिवसा बुडाशी किंवा ढेकळांखाली लपते आणि रात्री वर चढून लोंब्या कातरून टाकते. पीक तयार झालं असेल तर तिच्यावरचा सर्वांत चांगला उपाय विळा. कापणी लांबवू नये.

औषधाबद्दल उरणच्या शेतकऱ्याने एक गोष्ट जास्त ध्यानात ठेवायला हवी. इथल्या खाचरांचं पाणी अखेर खाडीला मिळतं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे याच पाण्याने वर शेतात चढतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना आणि खेकड्यांना अत्यंत घातक आहेत आणि तुडतुड्यांचा उद्रेक वाढवण्यासाठीही बदनाम आहेत. ज्या तालुक्यात एकाच घरात शेतीही असते आणि मासेमारीही, तिथे हा हिशेब दुकानदार करून देणार नाही.

याच तालुक्यात किडींवर पहारा ठेवणारी आणखी एक जागा आहे, न्हावा शेवा बंदर. परदेशातून येणारं बी, धान्य, लाकूड यांची तपासणी वनस्पती संगरोधाच्या 2003 च्या आदेशानुसार होते, आणि त्यामागचा मूळ कायदा 1914 चा आहे. मालाखालच्या लाकडी पॅलेटलाही सूट नाही. तिच्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि 'एचटी' अशी अक्षरं असली, तर लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलाय असा त्याचा अर्थ. एका पॅलेटसाठी एवढी काळजी घेतली जाते. बंदरापासून थोड्या अंतरावरच्या खाचरात मात्र तपासणारा एकच, शेतकरी स्वतः.

आणि तोही कमी होत चाललाय. पूर्वी भात निघालं की लगेच नांगर फिरायचा, ओलीवर वाल पेरला जायचा आणि नांगरटीत धसकटातल्या अळ्या उघड्या पडून पक्ष्यांच्या पोटात जायच्या. आता जमीन संपादनात आज जाईल की उद्या, या विचारात कित्येक खाचरं तशीच पडून राहतात. धसकटात शिरलेला खोडकिडा तिथेच उन्हाळा काढतो. त्याला सातबारा कोणाच्या नावावर आहे याच्याशी देणंघेणं नाही, पुढच्या पावसात तो शेजारच्या रोपांवर जातो. म्हणून कापणी जमिनीलगत करणं आणि लगेच नांगरट करणं ही एकट्याने नव्हे, सगळ्या शिवाराने मिळून करायची कामं आहेत. ज्याला वाल पेरायचा नाही त्यानेही धसकटं राहू देऊ नयेत.

यंदा पोंगे वाळलेले दिसले तर थेट दुकानात जाऊ नका. आधी तिरकी फेरी मारून वीस चूड मोजा, बुडाशी थापटी मारून तुडतुडे आणि कोळी दोन्ही बघा आणि आकडे कागदावर लिहून गावाच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. औषध लागलंच तर तेव्हा आणा. बऱ्याचदा लागणार नाही.