सीपॅप मशीन घरी आलं, पण झोपच लागत नाही? पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं?

जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पट्ट्यांचे वळ स्पष्ट दिसत होते. त्यावरून चर्चा सुरू झाली आणि व्हाइट हाऊसला खुलासा करावा लागला. बायडन यांना स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे आणि ते रात्री सीपॅप मशीन वापरतात, असं त्यात सांगण्यात आलं.

त्याच्या साधारण वर्षभर आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं होतं. त्यांना इतरही आजार होते, पण मृत्यूचं कारण सांगताना डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. हा शब्द तेव्हा अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला.

आपल्याकडे आजही घोरणाऱ्या माणसाला 'काय गाढ झोप लागलीये' असं म्हटलं जातं. पण आता स्लीप स्टडी करून घेणारे वाढतायत आणि त्यातल्या अनेकांच्या घरी सीपॅप मशीन येतंय. खरी अडचण इथून पुढे सुरू होते. दोन-चार रात्री मास्क लावून पाहिला जातो, झोप लागत नाही, चिडचिड होते आणि काही दहा हजार रुपये खर्चून आणलेलं मशीन कपाटात जाऊन बसतं.

सुरुवातीच्या बहुतेक तक्रारींवर उपाय आहे. तो वेळेत माहीत असला, तर मशीन कपाटात जाण्याची वेळ येत नाही.

झोपेत नेमकं काय होतं?

झोप लागली की शरीरातले स्नायू सैल पडतात. घशातलेही पडतात. काही जणांमध्ये त्यामुळे श्वासाची वाट इतकी अरुंद होते की ती अधूनमधून बंदच होते. कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली की नारळपाणी ओढताना ती चपटी होते, तसंच काहीसं.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर जागा होतो, मोठ्याने श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. फक्त डोकं जड असतं, तोंड कोरडं असतं आणि दुपारी मीटिंगमध्ये किंवा गाडी चालवताना डुलकी लागते.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, तर तो एक प्रसंग मोजला जातो. तासाला असे किती प्रसंग होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. प्रौढांमध्ये ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र. तुमच्या स्लीप स्टडीच्या रिपोर्टमध्ये हा आकडा असतो. उपचार न झाल्यास उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराशी या आजाराचा संबंध आहे. डुलकीमुळे होणाऱ्या अपघाताचा धोका तर रोजचाच.

मग सीपॅप काय करतं?

सीपॅप म्हणजे कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि नळी व मास्कमधून ठरावीक दाबाने नाकात सोडतं. या दाबामुळे घशाची वाट उघडी राहते. मशीनमधून ऑक्सिजन येतो, हा मोठा गैरसमज आहे. येते ती साधीच हवा.

कोविडच्या काळात ऐकलेलं बायपॅप हे याचं भावंड. बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन वेगळे दाब असतात. सीपॅपमध्ये दाब एकच असतो. ऑटो सीपॅप हा प्रकार रात्रभर गरजेनुसार दाब कमी-जास्त करतो.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांची. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा प्रयोग मांडला. सुरुवातीच्या मशीनमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती आणि मास्क नाकावर चक्क चिकटवावा लागायचा. आजचं मशीन त्या मानाने खूपच शांत आणि आटोपशीर आहे.

पहिल्या रात्री गुदमरल्यासारखं का वाटतं?

श्वास सोडताना समोरून हवा येत असते, म्हणून. शरीराला याची सवय नसते. खरं तर हा दाब फार नसतो. तो पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि मशीनवर साधारण ४ ते २० च्या दरम्यान असतो. १० सेंटीमीटर म्हणजे आपल्याभोवती कायम असणाऱ्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. पण अंधारात, नाकावर मास्क असताना तो खूप जास्त वाटतो.

यासाठी बहुतेक मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते. ती सुरू केली की दाब कमीपासून सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो, तोपर्यंत झोप लागलेली असते. श्वास सोडताना दाब थोडा कमी करण्याची सोयही अनेक मशीनमध्ये असते. ती सुरू आहे का, हे विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारा.

तरीही भीती वाटत असेल, तर मास्कशी ओळख दिवसा करून घ्या. आधी मशीन न जोडता मास्क नुसता हातात धरून चेहऱ्याला लावून पाहा. मग पट्ट्या लावून काही मिनिटं बसा. त्यानंतर मशीन सुरू करून टीव्ही बघताना किंवा मोबाईल चाळताना अर्धा तास घाला. दुपारच्या झोपेत वापरून पाहा आणि मग पूर्ण रात्र. एक पायरी जमली की पुढची. कुणाला हे चार दिवसांत जमतं, कुणाला चार आठवडे लागतात.

अर्ध्या तक्रारी मास्कच्याच असतात

मास्कचे मुख्य प्रकार तीन. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क, पूर्ण नाक झाकणारा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. मित्राला जो बसला तो तुम्हाला बसेलच असं नाही. नाकाचा आकार, दाढी-मिशी आणि तोंड उघडं ठेवून झोपण्याची सवय यावर निवड ठरते. शक्य असेल तर विकत घेण्याआधी मशीन काही दिवस भाड्याने मिळतं का आणि मास्क बदलून मिळतो का, हे विचारून घ्या.

मास्क नेहमी आडवं झोपून, मशीन सुरू करून बसवा. बसल्यावर नीट वाटणारा मास्क झोपल्यावर सरकतो. हवा गळतेय म्हणून पट्ट्या आवळत जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. जास्त आवळल्याने मास्कची मऊ कड चुरगळते, गळती वाढते आणि नाकावर जखम होते. त्याऐवजी मास्क चेहऱ्यापासून थोडा दूर ओढून पुन्हा बसू द्या. मास्कच्या पुढच्या छोट्या छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे. सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी ती छिद्रं असतात. ती कधीही बंद करू नका.

काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतो. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर बसवला असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

कोणत्या तक्रारीवर काय उपाय?

सकाळी तोंड कोरडं पडतं: झोपेत तोंड उघडून हवा बाहेर जात असावी. मशीनला ह्युमिडिफायर असेल, तर ओलावा वाढवून पाहा. त्याने फरक पडला नाही, तर फुल फेस मास्क किंवा हनुवटीच्या पट्ट्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

नाक चोंदतं: इथेही ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. सर्दी किंवा ॲलर्जी जुनी असेल, तर तिचा उपचार आधी व्हायला हवा. नाक मोकळं करणारे ड्रॉप्स मनाने दिवसेंदिवस वापरू नका. त्याने चोंदणं उलट वाढतं.

नळीत पाणी साठतं, चेहऱ्यावर थेंब पडतात: नळीतली ओलसर हवा थंड झाली की असं होतं. एसीच्या खोलीत हे जास्त घडतं. ओलावा थोडा कमी करा, एसीचं तापमान वाढवा किंवा नळीवर कापडी आवरण घाला. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

पोट फुगतं, ढेकर येतात: झोपेत हवा गिळली जाते, म्हणून. उशी थोडी उंच करून पाहा. त्रास राहिला, तर दाबात बदल लागू शकतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा.

झोपेत मास्क नकळत काढून टाकला जातो: सुरुवातीला अनेकांचं असं होतं. जाग आली की पुन्हा लावा. गळती किंवा चोंदलेलं नाक हे त्यामागचं कारण असू शकतं, तेही तपासा.

लाईट गेली तर जीव गुदमरेल का?

महाराष्ट्रात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मशीन बंद पडलं, तर फुल फेस मास्कमधली झडप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाचा मास्क असेल, तर तोंड मोकळंच असतं. अशा वेळी बहुतेकांना जाग येते आणि ते मास्क काढतात. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन चालेल का, हे विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला, तर मशीनला बरीच कमी वीज लागते.

रोज किती तास वापरायचं?

झोपेच्या प्रत्येक तासाला, दुपारच्या झोपेतही. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्यात सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास, असा निकष धरला जातो. पण ४ तास ही किमान मर्यादा आहे.

तास का महत्त्वाचे, हे एका मोठ्या अभ्यासातून दिसतं. आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांवरचा 'सेव्ह' हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सीपॅप वापरणाऱ्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, मन:स्थिती सुधारली. पण हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळल्याचं दिसलं नाही. या लोकांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. वापर कमी असल्यामुळे असं झालं का, यावर तज्ज्ञांमध्ये आजही चर्चा सुरू आहे. रोजच्या जगण्यात मात्र गणित सोपं आहे. मास्क काढून ठेवलेल्या तासांत श्वास पुन्हा अडू लागतो.

म्हणूनच गावी जाताना किंवा लग्नाला जातानाही मशीन सोबत न्यावं. काही रात्रींच्या खंडानेच जुना त्रास परत येतो.

स्वच्छता कशी ठेवायची?

चेहऱ्याला टेकणारा मास्कचा भाग रोज पुसा. मास्क आणि नळी आठवड्यातून एकदा कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. ह्युमिडिफायरमधलं उरलेलं पाणी रोज ओतून द्या आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. घरातल्या आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नाही. फिल्टर मळला की बदला. धुळीच्या रस्त्यालगत घर असेल, तर तो लवकर मळतो.

घरच्यांनी काय करावं?

अनेक जण मशीन सोडतात ते लाजेपोटी. 'आयसीयूतल्या पेशंटसारखं दिसतं' असा एक शेरा पुरेसा असतो. नवीन लग्न झालेल्यांना आणि तरुणांना हे जास्त जड जातं. चष्म्याची कुणी चेष्टा करत नाही, तशी मास्कचीही करू नये. रात्री मास्क सरकला तर जोडीदाराने हलकेच सांगावं. मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असल्याने त्यांचीही झोप सुधारते.

डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचं?

पहिल्या महिन्यात एकदा तरी जा. बहुतेक नवीन मशीन वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय यांची नोंद ठेवतात, ती सोबत न्या. नियमित वापरूनही दिवसा झोप येत असेल, नाकातून रक्त येत असेल, कान दुखत असेल किंवा त्वचेवर जखम झाली असेल, तर महिना संपायची वाट पाहू नका. छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, त्या टाळा.

'हे आयुष्यभर लावायचं का?' हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. वजन कमी झाल्यावर काहींचा आजार सौम्य होतो. काहींना दातांवर बसवायचं उपकरण किंवा शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पण हे पुन्हा तपासणी करूनच ठरतं. तोपर्यंत मशीन स्वतःहून बंद करू नका आणि सीपॅप जमतच नसेल, तर ते कपाटात ठेवण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.