कुरणांच्या शहरात हरळीचा हिशेब

पहाटेचे चार. लास व्हेगासच्या एका साध्या वस्तीत, घरामागच्या हिरवळीतून तुषार सिंचनाची तोंडे हलकेच वर येतात. चार मिनिटे पाणी उडते आणि थांबते. तासाभराने पुन्हा चार मिनिटे, त्यानंतर तासाभराने आणखी चार. उन्हे वर येईपर्यंत सगळे आटोपलेले असते. पाणी असे थांबूनथांबून द्यायचे कारण इथल्या जमिनीत आहे. वितभर खणले की बऱ्याच ठिकाणी चुनखडीने सिमेंटसारखा घट्ट बांधलेला थर लागतो. सलग बारा मिनिटे पाणी सोडले तर त्यातले थोडेच मुरते, उरलेले फरशीवरून रस्त्यावर येते. मग पाणीपुरवठा खात्याचा निरीक्षक त्या ओघळाचे चित्रीकरण करतो आणि घरमालकाला दंड बसू शकतो.

या शहरात वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. माण-खटावच्या कोरड्या वर्षालाही लाजवील असा हा आकडा. तरीही ‘लास व्हेगास’ या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे ‘कुरणे’. मोहावी वाळवंटाच्या या खोऱ्यात पूर्वी जिवंत झरे होते आणि त्यांच्या ओलाव्यावर खरोखरची गवताळ कुरणे पोसली जात. वाटसरू तिथे जनावरांना पाणी पाजत. पुढे शहर वाढले, विहिरी खोल गेल्या, आणि १९६२ साली झऱ्यांचे पाणी जमिनीवर येणे बंद झाले. नावातली कुरणे गेली ती अशी. त्यांच्या जागी आली ती नळाच्या पाण्यावर वाढवलेली हिरवळ.

ते नळाचे पाणी बहुतांशी कोलोरॅडो नदीचे. १९२२ च्या करारात या नदीचे पाणी दोन खोऱ्यांत वाटले गेले. त्यानंतर खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांचे वाटे ठरले, तेव्हा नेवाडाच्या वाट्याला वर्षाला फक्त ३ लाख एकर-फूट पाणी आले (एकरभर जागेवर फूटभर उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट). कॅलिफोर्नियाला ४४ लाख आणि अ‍ॅरिझोनाला २८ लाख. त्या काळी लास व्हेगास एक लहानसे रेल्वे गाव होते, आणि इथे कधी वीस लाखांवर माणसे राहतील असे कोणालाच वाटले नव्हते.

पण या ३ लाखांच्या हिशेबात एक खुबी आहे, आणि लास व्हेगासचे सगळे पाणीशहाणपण तिच्यावर उभे आहे. घरातले न्हाणीघर, बेसिन, संडास आणि हॉटेलांच्या हजारो खोल्या यांतून गटारात गेलेले पाणी शुद्ध होऊन ओढ्यावाटे कोलोरॅडोवरच्या मीड सरोवरात परत सोडले जाते. जितके परत जाते, तितके शहराला पुन्हा उचलता येते. त्यामुळे घरात वापरलेले पाणी जवळजवळ सगळेच फिरून हाती येते. अंगणात शिंपडलेले मात्र परतत नाही. पानांतून आणि मातीतून ते कोरड्या हवेत उडून जाते आणि वाट्यातून कायमचे वजा होते. इथे वाहत्या शॉवरपेक्षा दारातले गवत जास्त महाग पडते, ते यामुळे.

ते किती महाग, हे कोणीतरी मोजायला हवे होते. दक्षिण नेवाडा जल प्राधिकरणाने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात शेकडो घरांच्या बागांना वेगळे मीटर लावून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. हिरवळीला दर चौरस फुटामागे वर्षाला सरासरी ७३ गॅलन पाणी लागत होते, म्हणजे सुमारे २७६ लिटर. वाळवंटात तगणारी झुडपे, दगडगोट्यांचे आच्छादन आणि ठिबक अशी बाग केली तर तेवढ्याच जागेला १७.२ गॅलन पुरत होते. ७३ गॅलनचा हा आकडा उंचीत मांडला तर तो नीट कळतो. हिरवळीवर वर्षभरात ओतलेले पाणी साठवून ठेवले असते तर त्याची खोली जवळजवळ तीन मीटर भरली असती. उसाच्या पिकाची गरज साधारण दीड ते अडीच मीटर धरतात. ज्या उसाच्या पाण्यावरून महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात वाद पेटतात, त्याच्याहून जास्त पाणी ही शोभेची हिरवळ पीत होती. आणि तिच्यातून ना साखर मिळत होती, ना चारा.

१९९९ पासून प्राधिकरणाने लोकांना गवत काढण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. आधी चौरस फुटाला काही सेंट मिळत, नंतर दर चढत जाऊन काही डॉलरवर पोचला. आजवर २० कोटी चौरस फुटांहून जास्त हिरवळ अशी निघाली आहे. नव्या घरांच्या पुढच्या अंगणात गवत लावायला २००३ पासून बंदी आली. याच काळात लाखो माणसे शहरात नव्याने राहायला आली, तरी २००२ च्या मानाने माणशी पाणीवापर निम्म्याहून खाली आला. दुष्काळाशी झुंजणाऱ्या शहरांच्या इतिहासात असा आकडा सहसा सापडत नाही.

तरीही सरोवर ओसरतच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये मीड सरोवराची पातळी इतकी घसरली की १९७१ पासून पाणी खेचणारे सगळ्यांत जुने नळकांडे उघडे पडले. जुलैत सरोवराने १९३७ नंतरचा नीचांक गाठला. खडकांवरचा पांढरा क्षारांचा पट्टा कित्येक मजले उंच दिसू लागला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, नेवाडाने एक कायदा केला होता. रस्त्याच्या दुभाजकांत, दुकानांपुढे, कार्यालयांभोवती आणि निवासी संकुलांच्या प्रवेशदाराशी जे गवत केवळ दिसण्यासाठी आहे, त्याला २०२६ संपल्यानंतर कोलोरॅडोचे पाणी द्यायचे नाही. असे गवत सुमारे ४ हजार एकर भरेल असा अंदाज होता. स्वतंत्र घरांच्या अंगणांना, शाळांच्या मैदानांना आणि लोक बसतात-खेळतात अशा बागांना कायद्याने हात लावलेला नाही.

ही वाटणी शहाणपणाची आहे. कायदा गवताच्या विरोधात नाही. कोणाचे पाऊल पडते का, एवढेच तो विचारतो. ज्या गवतावर मुले पडतात, लोळतात, चेंडू अडवतात, त्याला पाणी मिळायलाच हवे. मग पुढचा प्रश्न असा की ते गवत कोणते असावे.

उत्तर मराठी माणसाच्या बांधावरच आहे. अमेरिकेत ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात ती म्हणजे आपली हरळी. गणपतीच्या डोक्यावर जुडी होऊन बसते तेव्हा दूर्वा आणि शेतात घुसते तेव्हा हरळी. नांगरटीनंतर काशा वेचायला वाकलेल्या बाईला विचारा, ती सांगेल की बोटभर तुकडा राहिला तरी पुढच्या पावसात गाठ पडणारच. जमिनीखालून धावणाऱ्या या पांढऱ्या, कांडे असलेल्या काशा आणि मीटरभराहून खोल जाणारी मुळे यांनीच हरळीला वाळवंटातल्या मैदानांची राणी केले आहे. रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ म्हणून जी हिरवळ मिळते, तीही हरळीच.

तिची दुसरी ताकद पानाच्या आत आहे. गहू, भात आणि थंड प्रदेशातली फेस्क्यू, राय यांसारखी गवते हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट पकडतात. पण हे काम करणारे विकर कडक उन्हात चुकते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते आणि कमावलेली शक्ती वाया जाते. हरळी, ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी त्यावर तोड काढली आहे. कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत धरायचा, मग शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन दाटीने कोंडायचा आणि तिथे त्या विकराच्या हवाली करायचा. त्यामुळे पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत, आणि त्यांतून बाष्प होऊन जाणारे पाणी वाचते. सिंचनाचे तज्ज्ञ गवताची गरज बाष्पीभवनाच्या एका प्रमाणित मापाशी ताडून पाहतात. थंडीच्या गवताला त्या मापाच्या साधारण ८० टक्के पाणी लागते, हरळीला ६० टक्के. नुसते गवत बदलले तरी पाव हिस्सा पाणी वाचले.

मैदानांवरची हरळी घडवणाऱ्या एका माणसाचे ऋण महाराष्ट्राच्या भाकरीवरही आहे. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन हे वनस्पती-पैदासकार आयुष्यभर गवतावर काम करत राहिले. आपली हरळी आणि आफ्रिकेतली तिची बारीक पानाची बहीण यांच्या संकरातून ‘टिफग्रीन’, ‘टिफवे’ अशा जाती निघाल्या आणि जगभरच्या मैदानांवर पसरल्या. त्या बी धरत नाहीत. काशा किंवा मातीसकट कापलेले गालिचे लावूनच त्या वाढवाव्या लागतात. याच बर्टन यांनी बाजरीचे ‘टिफ्ट २३ ए’ हे नर-वंध्य वाण तयार केले. ते भारतात आले आणि त्याच्या आधारे १९६५ मध्ये लुधियान्याला ‘एचबी १’ हे देशातले पहिले संकरित बाजरीचे वाण निघाले. नगर, बीड, नाशिकच्या कोरडवाहू शेतकऱ्याला संकरित बाजरीची ओळख झाली ती या वाटेने. पुढे त्या पिकावर गोसावी रोग पडला आणि नवी वाणे शोधावी लागली, पण दार उघडले ते त्या पहिल्या वाणाने.

हरळीचा एक दोष सांगतात, आणि तो दोष आहे का यावर विचार व्हायला हवा. थंडीत ती झोपते. माती गार पडली की पाने पिवळट-तपकिरी होतात आणि सगळा जीव काशांत उतरतो. लास व्हेगास किंवा फिनिक्सच्या हिवाळ्यात मैदान वाळक्या गोणपाटासारखे दिसते. ते मेलेले नसते. मूठभर गवत उपटून काशेवर नख घासले तर आत पांढरी, ओलसर कांडी दिसते. पण हॉटेलांना आणि गोल्फच्या मैदानांना डिसेंबरातही हिरवे हवे असते. मग शरदात हरळी अगदी मुळापर्यंत कातरून तिच्यावर राय गवताचे बी फेकतात. ते उगवेपर्यंत दोन-तीन आठवडे दिवसातून अनेकदा पाणी शिंपडावे लागते आणि पुढे सगळा हिवाळा ते प्यायला मागते. वसंतात हेच राय जागे होऊ पाहणाऱ्या हरळीच्या उन्हात आणि ओलाव्यात वाटेकरी होते. म्हणजे पाणी खर्चून स्वतःच्याच गवताला दमवायचे. फिनिक्सशेजारचे स्कॉट्सडेल शहर आता नागरिकांना हे दुसरे पीक घेऊ नका असे सांगते. काही मैदाने तर झोपलेल्या हरळीवर हिरवा रंग फवारून वेळ भागवतात. रंग काही आठवड्यांनी उडतो, पण पाणी वाचते. राय पेरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

जागेपणीही हरळीला रोज पाणी नको असते. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्या दोन बोटांत रेंगाळतात आणि पहिल्याच कडक दुपारी गवत माना टाकते. भरपूर देऊन मध्ये खाडा ठेवला की मुळे ओलाव्यामागे खाली उतरतात. पाण्याची वेळ कधी झाली हे गवतच सांगते. संध्याकाळी हिरवळीवरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पाती लगेच उभी राहिली तर अजून तहान नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि गवतावर निळसर-राखी झाक आली, तर दुसऱ्या पहाटे पाणी द्यावे. ओल कुठवर गेली ते लांब स्क्रू ड्रायव्हर सांगतो. ओल्या मातीत तो सहज उतरतो, कोरडी लागली की अडतो. सगळीकडे सारखे पाणी पडते का, हे पाहायला हिरवळीवर चार-पाच रिकामे डबे मांडून तुषार चालवावेत. एका डब्यात बोटभर आणि शेजारच्यात थेंबभर पाणी साठले, तर दोष तोंडांच्या मांडणीत असतो. अनेक माळी मात्र कोरड्या कोपऱ्यासाठी सगळ्याच गवताला जास्त पाणी देत बसतात. वारा सुटला असताना धुक्यासारखे बारीक तुषार जमिनीवर पोचायच्या आधीच उडून जातात, म्हणून मोठे थेंब सावकाश फेकणारी तोंडे बरी.

लास व्हेगासमध्ये या निगराणीला नियमांची जोड आहे. प्रत्येक भागाला पाण्याचे वार ठरवून दिलेले असतात. हिवाळ्यात आठवड्याला एक दिवस, वसंतात आणि शरदात तीन, रविवारी कधीच नाही. मे ते ऑगस्ट सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळात तुषार चालवायचे नाहीत.

गवत काढण्याच्या मोहिमेत एक चूक मात्र महागात पडली आहे. जुन्या अंगणांतली मोठी झाडे वर्षानुवर्षे गवताच्या पाण्यावर वाढली होती. गवत काढले, तुषार बंद झाले, आणि झाडांसाठी ठिबक टाकायचे राहून गेले. काही हंगामांत ती झाडे वाळली. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे एक जुनी सावली गमावणे हे मोठेच नुकसान आहे. अनुदान हवे असेल तर झाडे-झुडपे पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा झाकली गेली पाहिजे, अशी अट प्राधिकरणाने ठेवली आहे ती याचसाठी. नुसते दगडगोटे टाकून अंगण तव्यासारखे करणे त्यात बसत नाही. प्लास्टिकचे गवत हाही उपाय नाही. भर उन्हात ते इतके तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि मुले ज्यासाठी गवतावर येतात तेच त्याने जाते.

महाराष्ट्राने हा प्रश्न एका उन्हाळ्यात फार जवळून पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. त्या वेळी वाद मैदानांच्या पाण्यावरून होता. गृहसंकुलांच्या प्रवेशाशी, टँकरच्या पाण्यावर ‘कार्पेट लॉन’ राखले जाते, त्यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. त्या लॉनवर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी असते. नेवाडाचा कायदा अशाच गवताचे पाणी तोडतो.

मोहावीत फेब्रुवारी सरत येतो तेव्हा शाळांची मैदाने अजून तपकिरीच असतात. मुले त्यावर खेळतातच, कपड्यांना वाळलेली पाती चिकटतात. मातीत ऊब भरू लागली की काशांच्या डोळ्यांतून कोंब निघतात. ते आधी भिंतींच्या कडेने दिसतात, कारण तिथली माती लवकर तापते. मग मैदानाच्या मध्यावर, जिथे रोज सर्वांत जास्त पावले पडतात, तिथेही.