गल्ल्यावर बिटकॉइनचा क्यूआर लावावा का?

दुकानदाराला बिटकॉइन घ्यायला शिकवायचं, तर आधी त्याची गरज बघायची.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात एल झोंते नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे २०१९ पासून छोट्या दुकानदारांना हे शिकवलं गेलं. बऱ्याच जणांचं बँकेत खातंच नव्हतं, त्यामुळे उपयोग होता. पुढे ७ सप्टेंबर २०२१ पासून सरकारने देशभर बिटकॉइन कायदेशीर चलन केलं. तरी बहुतेक लोक डॉलरच वापरत राहिले. शेवटी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन घेणं ऐच्छिक केलं.

आता व्यवहार कसा होतो ते पाहू. बिटकॉइनच्या मूळ साखळीत नोंदींचा नवा गठ्ठा साधारण दहा मिनिटांनी जोडला जातो. चहाचं गिऱ्हाईक तेवढं थांबणार नाही. म्हणून 'लाइटनिंग' ही वेगळी व्यवस्था वापरतात, त्यात पैसे काही सेकंदांत येतात. किंमत रुपयांत टाकायची, वॉलेट तिचे सातोशी करून क्यूआर दाखवतं. एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सातोशी.

दुकानदाराला दोन गोष्टी पाठ करून घ्या. चुकीच्या ठिकाणी गेलेले पैसे परत आणून देणारी बँक इथे नाही. आणि वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवायचे. ते मागणारा माणूस चोरच समजायचा.

आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. भारतात बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. समजा, पाचशेचा माल विकला, त्यात नफा पन्नास. संध्याकाळपर्यंत भाव दहा टक्के पडला की नफा गेला. आणि हा तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. भाव वाढला, तर विकताना त्या वाढीवर ३० टक्के कर. शिवाय ठरावीक मर्यादेपुढे एक टक्का टीडीएसची जबाबदारी. उलट यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशाला दुकानदाराला शुल्क नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. परदेशी पर्यटक खरोखर मागत असतील, तरच सुरू करा. आधी कर सल्लागाराला विचारा, प्रत्येक व्यवहाराची रुपयांतली किंमत वहीत लिहा, आणि माल भरायचा पैसा त्यात कधीही अडकवू नका. गिऱ्हाईक मागत नसेल, तर "आत्ता नको" असं सांगणं हीसुद्धा दुकानदाराला मदतच आहे.