तुळशीबागेतलं काळं झबलं

गोष्ट १९९४ सालच्या जानेवारीतली. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्याबरोबर एक जर्मन जोडपं होतं. त्यातल्या बाईच्या कडेवर नऊ महिन्यांची, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. गर्दी आपसूक बाजूला होत होती, पण वाट द्यायला नव्हे, पाहायला.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले होते. ओळखीतून कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि मी त्यांची दुभाषी झाले. कामाचा भाग कोर्टात आणि कचेऱ्यांत होता. त्या वेळी परदेशी जोडप्यांना इथे थेट दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्ट त्यांना मुलाचे पालक नेमी आणि खरं दत्तकविधान ते आपापल्या देशात जाऊन करत. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात याबद्दल नियम घालून दिले होते. आधी देशात घर शोधायचं, ते न मिळालं तरच परदेशाचा विचार करायचा आणि व्यवहार मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच व्हायचा. मुलांचा सौदा होऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

कोर्टाचा हुकूम झाला, मुलगी हातात आली. आता पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत थांबायचं. दत्तक मूल न्यायला आलेल्या माणसांच्या वाट्याला हे रिकामे दिवस हमखास येतात. हॉटेलच्या खोलीत परकं बाळ, परके आईबाप आणि मध्ये दुधाची बाटली! दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "आम्हाला बाजारात घेऊन चला. ही मोठी झाल्यावर हिला दाखवायला काहीतरी इथलं हवं."

आधी मंडईत गेलो. १८८६ सालची ती दगडी इमारत पाहून नवरा खूश झाला. बोरं, उसाची कांडकी, हरभऱ्याच्या जुड्या, गाजरं, सुगडांच्या उतरंडी असा सगळा संक्रांतीचा माल बाहेर ओसंडत होता. त्याने बोरांचा भाव विचारला आणि मावशीने सांगितला तेवढा मुकाट्याने देऊन टाकला. माझ्या पुणेरी जिवाला ते पाहवेना. मी घासाघीस करायला पुढे झाले, तर तो म्हणाला, "राहू द्या. या गावाकडून आम्ही जे नेतोय, त्यापुढे हे काय आहे?"

मग तुळशीबाग. पेशवाईतल्या नारो आप्पाजींनी बांधवलेलं रामाचं देऊळ आणि त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला बाजार हे आपल्याला सवयीचं. पण परक्या माणसाबरोबर फिरताना आपणही तो पहिल्यांदाच पाहतो. पितळी भातुकलीच्या दुकानासमोर बाई अर्धा तास उभ्या होत्या. बोटाएवढा पाटा-वरवंटा, वीतभर बंब, इवलं जातं. "तुमच्या मुली यातनं घर शिकतात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी अख्खी भातुकली बांधून घेतली. मग लाकडी खुळखुळा, दोन दुपटी, कुंची. प्रत्येक वस्तूचं नाव त्या मला हळूहळू उच्चारायला लावत आणि वहीत जर्मन लिपीत उतरवून घेत.

काळं झबलं पाहून मात्र त्या थबकल्या. त्यांच्याकडे काळा रंग दुःखाचा, बाळाला तो कोण घालतो? आपल्याकडे तरी एरवी सणाला कोण घालतं? मी समजावलं, की थंडीत काळं कापड ऊब धरतं, म्हणून फक्त संक्रांतीला त्याचा मान. बाळाची पहिली संक्रांत असली की त्याला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात आणि जमलेली पोरं ती वेचायला झुंबड करतात. बाईंनी मुलीकडे पाहिलं. "म्हणजे हिची पहिली?" आणि ते झबलं विकत घेतलं.

हलव्याचे दागिने घेऊन एक मावशी पायरीवर बसल्या होत्या. साठी उलटलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोऱ्यात हलवा ओवता ओवता त्यांनी मुलीला न्याहाळलं, मग गोऱ्या आईला, मग मला. आणि सरळ विचारलं, "कितीला घेतली हो?"

मी गडबडले. जोडपं माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी पटकन जर्मनमध्ये म्हटलं, "मुलगी केवढी आहे, असं विचारताहेत." नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने मोठ्या अभिमानाने नऊ बोटं वर केली.

"नऊ हजार?" मावशींचा हात थांबला.

आजही ते आठवलं की हसू येतं आणि हसू आल्याची लाज वाटते. मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो मावशी, विकत नाही घेतलेली. दत्तक घेतलीय. कोर्टातून, रीतसर. नऊ महिन्यांची आहे." मावशींनी जीभ चावली. "चुकलं माझं. काय काय ऐकतो ना आपण." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हिची आई?" मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. मावशी काही बोलल्या नाहीत. हार, बांगड्या, कंबरपट्टा कागदात बांधून त्यांचे पैसे घेतले आणि वर एक बिंदी ठेवली. "हिचे नकोत. परमुलखात चाललीय पोर."

बिंदीचं मी भाषांतर केलं. आधीच्या प्रश्नाचं नाही.

असा बाजार पुढे दुसरीकडेही भरल्याचं मी वाचलं. चीनने १९९२ पासून परदेशी दत्तकाला रीतसर वाट करून दिली आणि दीड लाखाहून जास्त मुलं बाहेर गेली. त्यांत मुली जास्त, आणि निम्म्याहून अधिक मुलं अमेरिकेत. तिकडे जाणाऱ्या मुलांचा व्हिसा ग्वांगझौ शहरातच मिळे, म्हणून आईबापांचा मुक्काम तिथल्या शामियान बेटावर. बाबागाड्या ढकलत ती मंडळी रेशमी झबली, मुलीच्या चिनी नावाचे शिक्के, चालताना वाजणारे बूट घेत हिंडत. जवळच्या चिंगपिंग बाजारात वाळवलेल्या वनस्पतींचे आणि विंचवांचे ढीग पाहून चकित होत. 'व्हाइट स्वान' हॉटेलात तर त्यांना एक खास बाहुली भेट मिळे : सोनेरी केसांची बार्बी आणि तिच्या कडेवर चिनी बाळ. २०२४ साली चीनने परदेशी दत्तक जवळजवळ पूर्ण बंद केलं. ती रेशमी झबली आता परमुलखातल्या कपाटांत आहेत आणि त्यांतल्या कित्येक मुली मोठ्या होऊन विचारताहेत, आम्ही इथे कशा आलो?

आमचीही आली. २०१८ च्या पावसाळ्यात, पंचविशीची होऊन, आईबरोबर. माझ्या घरी चहा झाल्यावर तिने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात ते काळं झबलं होतं. हलवा पिवळा पडून दोऱ्याला चिकटला होता, बिंदीचे निम्मे दाणे गळलेले. दर जानेवारीत आई डबा उघडून तिला तो दिवस सांगायची. ती संस्थेतही जाऊन आली होती. सज्ञान झालेल्या दत्तक मुलांना आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण जन्मदात्या आईचं नाव गुप्त राखण्याचा हक्क कायदा जपतो. तिच्या फाइलमध्ये फारसं काही नव्हतं.

"तुम्ही तिथे होतात," ती मला म्हणाली. "त्या आजी नक्की काय म्हणाल्या?"

चोवीस वर्षांनी मी तो प्रश्न खरा सांगितला. आईसमोरच. नऊ बोटांची गोष्टही सांगितली. आई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "तरीच त्या आमच्याकडे तशा पाहत होत्या." मुलगी हसली नाही, पण दुखावलीही नाही. "शाळेत मलाही विचारायचे," ती म्हणाली. "कितीला आणली तुला, म्हणून. निदान त्या आजींनी चूक कबूल केली. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं, तर आईकडे मला द्यायला उत्तर तरी असतं."

तिचं खरं होतं. मला वाटलं होतं मी त्यांना वाचवतेय. खरं तर एक अवघड प्रश्न मी त्या लहानगीच्या सामानात न सांगता बांधून दिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तुळशीबागेत गेलो. पायरीवर मावशी नव्हत्या, आणि श्रावणात हलवा कुठला! भातुकलीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने आईकडे पाहून इंग्रजी सुरू केलं आणि मुलीकडे वळून मराठीत म्हणाला, "बोला ताई, काय दाखवू?"

ती माझ्याकडे वळली. "काय म्हणाला?"

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितलं.