वाहक पॉलिमर शाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापता येणारी, वाळल्यावर वीज वाहून नेणारी आणि तापमान बदलले की रोध बदलणारी अशी ही शाई असते. तिच्यापासून छापील तापमान-संवेदक आणि स्वतःची उष्णता स्वतः आवरणारे चपटे हीटर तयार होतात. गाडीच्या आरशावरचे दव घालवणाऱ्या हीटरमध्ये तिचा उपयोग होतो.

प्लास्टिक विजेला अडवते, तेव्हा ही शाई वाहक कशी, ही पहिली शंका. 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीनवर आयोडिनची प्रक्रिया केली, तेव्हा त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. या कामासाठी त्यांना 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेडॉट-पीएसएस हे पाण्यात पसरवता येणारे वाहक पॉलिमर आले आणि अशा पदार्थाची शाई करणे सोपे झाले.

मात्र ‘वाहक पॉलिमर शाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच शायांत पॉलिमर स्वतः वाहक असते, हा समज चुकीचा आहे. कित्येक शायांतले पॉलिमर साधे, वीज न वाहणारेच असते. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात केलेली अतिसूक्ष्म काजळी, ग्रॅफाइट किंवा चांदीचे कण मिसळतात. कणांचे प्रमाण कमी असेपर्यंत थर जवळजवळ विद्युतरोधक राहतो. ते एका मर्यादेपलीकडे गेले की कणाला कण भिडून सलग साखळ्या तयार होतात आणि रोध एकदम कोसळतो.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज तापमानाविषयी आहे: तापले की रोध वाढणारच. तांब्याच्या बाबतीत ते खरे आहे. खोलीच्या तापमानाजवळ दर अंशाला त्याचा रोध सुमारे 0.39 टक्के वाढतो. पेडॉट-पीएसएसच्या थरात मात्र बहुधा उलटे घडते, कारण उष्णतेमुळे विद्युतभारांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारणे सोपे जाते. कार्बन मिसळलेल्या पॉलिएथिलीनची तऱ्हा आणखी निराळी. सुरुवातीला त्याचा रोध हळूहळू वाढतो. पॉलिमरमधले स्फटिकी भाग वितळू लागले, की पदार्थ झपाट्याने फुगतो, कणांमधले अंतर वाढते, साखळ्या तुटतात आणि रोध हजार पटींहूनही जास्त चढू शकतो. साध्या पॉलिएथिलीनमध्ये हा टप्पा साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतो. कमी तापमानाला वितळणारे पॉलिमर निवडले की तो खाली आणता येतो. म्हणजे उपकरण कोणत्या तापमानाला स्वतःला आवरते हे काजळी नव्हे, तर पॉलिमर ठरवते.

तापमान त्याही वर गेले तर मऊ पडलेल्या पॉलिमरमध्ये कण सरकून पुन्हा एकत्र येतात आणि रोध घसरू लागतो. हीटरसाठी ही अवस्था घातक असते, कारण नेमक्या चुकीच्या वेळी वीज वाढते. ती टाळण्यासाठी पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधून घेतात. त्याचा एक मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन किरणांचा मारा.

असा हीटर स्वतःला आवरतो, म्हणून त्याला फ्यूज लागत नाही, हे मानणे धोक्याचे आहे. थंड असताना त्याचा रोध सर्वांत कमी असतो, त्यामुळे सुरू होताना सर्वांत जास्त प्रवाह ओढला जातो. थर फाटला किंवा वीज पुरवणाऱ्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या, तर स्वनियंत्रणाचा काहीच उपयोग नाही. शिवाय लांब पट्टीच्या एका टोकाकडून दुसरीकडे प्रवाह सोडला, तर मध्येच एक अरुंद रेघ आधी तापते, सगळा विद्युतदाब तिच्यावर पडतो आणि बाकीचा भाग थंड राहतो. म्हणून चांदीच्या शाईच्या पट्ट्या दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तशा छापतात, म्हणजे मधला प्रत्येक तुकडा आपापल्या परीने चालतो.

छपाई लग्नपत्रिकेसारखीच, जाळी आणि स्क्वीजीने होते. पण पत्रिकेत रंग जरा पातळ बसला तर चालते, इथे थर अर्धा झाला की रोध दुप्पट होतो. रोध ‘ओहम प्रति चौरस’मध्ये मोजतात. पट्टी 5 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर लांब असेल, तर ती रुंदीएवढ्या बाजूच्या 10 चौरसांची. शाई 1000 ओहम प्रति चौरस असेल, तर पट्टीचा रोध 10,000 ओहम. बोटाला शाई लागत नाही म्हणजे ती पक्की झाली, असेही नाही. आत उरलेला द्रावक नंतर निघत राहतो आणि रोध सरकत राहतो. पॉलिएस्टर फिल्मवर 120 ते 130 अंशांना भाजणी करण्याची पद्धत आहे; सिरॅमिकवरच्या धातूच्या पेस्टप्रमाणे 850 अंशांची भट्टी तिला सोसणार नाही.

छापलेला संवेदक लगेच तापमापी म्हणून वापरता येतो, हा शेवटचा गैरसमज. पेडॉट-पीएसएसमधले पीएसएस हवेतले बाष्प शोषते, त्यामुळे उघडा थर तापमानाबरोबर दमटपणाही मोजतो. त्यावर बाष्परोधक आवरण हवेच. कार्बनच्या थराचा रोध पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत बदलतो. स्फटिकी पॉलिमर ज्या तापमानाला वितळते त्याहून खाली गेल्यावरच पुन्हा गोठते, त्यामुळे तापताना आणि थंड होताना एकाच तापमानाला दोन वेगळे रोध मिळतात. म्हणून अशी शाई स्विच म्हणून उत्तम, पण अचूक मापनासाठी तापमानाबरोबर रोध सावकाश बदलणारी शाई बरी. तिचेही अंशांकन आवरण घातल्यावर, काही वेळा तापवून-थंड करून झाल्यावर, चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही तापमानांना करतात.