काढा, काका आणि कार्ल पॉपर

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

सुरुवात घरातूनच करतो. गेल्या वर्षी माझ्या काकांनी डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्या आणि व्हॉट्सॲपवर आलेला एक काढा सुरू केला. पहिल्या आठवड्यात शुगर थोडी उतरली. काका म्हणाले, "बघ, लागू पडला!" पुढच्या आठवड्यात चढली. काका म्हणाले, "शरीरातली घाण बाहेर पडतेय. म्हणजे लागू पडतोय." उतरली तरी काढ्याचा गुण, चढली तरी काढ्याचाच गुण! मी भांडलो, लिंका पाठवल्या. उपयोग शून्य. यात नेमकं काय चुकतंय, तेच मला पकडता येत नव्हतं.

ते पकडून दिलं कार्ल पॉपर या माणसानं. जन्म १९०२, व्हिएन्ना. विज्ञान म्हणजे काय आणि काय नाही, हा प्रश्न त्यानं जन्मभर सोडला नाही.

आता चला १९१९ सालात. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलंय, व्हिएन्नात उपासमार आहे, आणि सोळा वर्षांचा पॉपर कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली आलाय. जूनमध्ये एका निदर्शनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काही तरुण कामगार मेले. पॉपर हादरला. पण त्याहून जास्त हादरला तो साथीदारांच्या स्पष्टीकरणानं: क्रांती अटळ आहे, तिच्यासाठी बळी जाणारच. त्याला वाटलं, जो सिद्धांत मी नीट तपासलासुद्धा नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्यांचे जीव पणाला लावायचे?

त्याच काळात तो मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्याबरोबर मुलांसाठी काम करत होता. एकदा त्यानं ॲडलरना एका मुलाची हकिगत सांगितली. ॲडलरनी मुलाला न बघताच ती आपल्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात चपखल बसवली. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर त्यांनी आपल्या हजारो अनुभवांचा हवाला दिला. पॉपरला कळलं, की आता ही केसही त्या अनुभवांत जमा होणार! सिद्धांत चुकेल अशी जागाच कुठं नव्हती.

आणि त्याच वर्षी आइनस्टाइनचं प्रकरण घडलं. त्यांचा सिद्धांत सांगत होता, की ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना ठरावीक मापानं वाकेल. न्यूटनच्या हिशेबानं जितका वाकायला हवा, त्याच्या दुप्पट. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्राझील आणि आफ्रिकेजवळच्या एका बेटावरून फोटो घेतले गेले. मोजमाप आइनस्टाइनच्या बाजूनं निघालं. पण पॉपरला भावली ती वेगळीच गोष्ट: मोजमाप विरुद्ध निघालं असतं, तर सिद्धांत आडवा झाला असता. आइनस्टाइननं मान पुढे केली होती.

इथून आली त्याची खंडनक्षमतेची कल्पना. सोप्या शब्दांत: काय घडलं तर मी चुकलो, हे जो आधीच सांगतो तो विज्ञानाच्या वाटेवर आहे. पुरावे गोळा करणं सोपं असतं. हजार पांढरे हंस बघूनही "सगळे हंस पांढरेच" हे सिद्ध होत नाही, आणि एक काळा हंस ते पाडतो. १९३४ मध्ये त्यानं हे जर्मन पुस्तकात मांडलं.

आपल्याकडचं उदाहरण देतो. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात ज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून २०० पत्रिका. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून सांगायचं, कुठली कोणाची. सरासरी बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात!

आता पॉपरचं सगळंच बरोबर का? नाही. युरेनसची कक्षा हिशेबात बसेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी न्यूटनला टाकून दिलं नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असावा असं म्हटलं, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. थॉमस कूननं १९६२ मध्ये दाखवलं, की शास्त्रज्ञ एका अपयशानं सिद्धांत सोडत नाहीत. मान्य. पण फरक बघा: नेपच्यूनची सबब दुर्बिणीनं तपासता आली. "घाण बाहेर पडतेय" कशानं तपासणार?

पॉपर ज्यू वंशाचा. नाझींचं संकट ओळखून तो १९३७ मध्ये न्यूझीलंडला गेला आणि तिथं हाच विचार त्यानं राजकारणाला लावला. राज्य कोणी करावं, यापेक्षा वाईट राज्यकर्त्यांना रक्तपाताशिवाय हटवता येतं का, हे विचारा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तिथंही चूक दुरुस्त करायची सोय हवी.

शेवटी मी काकांशी वाद घालणं थांबवलं. फक्त विचारलं, "काका, शुगर किती आली तर तुम्ही म्हणाल की काढा चालत नाही?" काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या उपाशीपोटी दोनशेच्या वर आली तर." मी आकडा कॅलेंडरवर लिहिला. सकाळी आली २३८. संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे होतो.

परत येताना रिक्षात काकांनी विचारलं, "आता तू सांग. तुझं कुठलं मत काय घडलं तर बदलेल?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का बघा. भेटू पुढच्या भागात!