समीकरण मांडण्याचे काम

बी.एस्सी.च्या प्रयोगवहीत साखरेच्या इन्व्हर्जनचा, म्हणजे आम्लाने साखर फुटण्याचा, प्रयोग ठरलेल्या साच्यात उतरतो: उद्देश, उपकरणे, सूत्र, तक्ता, आलेख, निष्कर्ष. सूत्र आयते मिळते. त्यात आकडे भरले की वेगस्थिरांक हाती येतो आणि सही मिळते. हे सूत्र ज्यातून निघते ते डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे अवकल समीकरण, सोडवणे हा यातला सोपा भाग आहे. साखर घटण्याचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, एवढे लिहिले की बारावीचे इंटिग्रेशन येणारा कुणीही दोन ओळींत लॉगपर्यंत पोहोचतो. अवघड आहे ते त्याआधीचे: बदलणारी राशी कोणती, स्थिर धरायची कोणती आणि ती तशी धरायचा अधिकार कुठून आला, हे ठरवणे. ते काम विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नाही.

प्रयोग जवळून पाहिला तर हे कळते. साखरेच्या द्रावणात तेवढेच हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून मिश्रण वीस सेंटिमीटरच्या नळीत भरतात आणि नळी पोलरिमीटरमध्ये, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवते ते मोजणाऱ्या उपकरणात, ठेवतात. मागे सोडियमचा पिवळा दिवा असतो. भिंगातून दिसणाऱ्या वर्तुळाचे दोन्ही भाग सारखेच अंधूक होईपर्यंत चकती फिरवायची आणि व्हर्नियरवर कोन वाचायचा. मिश्रणाच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर असेल तर सुरुवातीला कोन उजवीकडे १३ अंशांच्या पुढे भरतो. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागले की तो उतरतो, शून्यावर येतो, शून्य ओलांडून डावीकडे चार अंशांच्या आसपास थांबतो. शून्य दिसले म्हणजे साखर संपली असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या क्षणी जेमतेम पाऊण हिस्सा फुटलेला असतो; उरलेल्या साखरेचे उजवे वळण आणि तयार झालेल्या मिश्रणाचे डावे वळण एकमेकांना खोडून काढतात, इतकेच. म्हणजे समीकरणातली साखर आणि डोळ्यांना दिसणारा कोन या दोन वेगळ्या राशी आहेत. साखरेच्या प्रमाणात असतो तो आत्ताचा कोन वजा शेवटचा कोन. म्हणून थोडे मिश्रण वेगळे काढून, गरम पाण्यात ठेवून, पुन्हा थंड करून ‘अनंत’ वेळेचे वाचन घ्यावे लागते. घाईत ते जास्त तापवले तर द्रावण पिवळट पडते आणि ते एक वाचन बिघडले की अख्खा तक्ता बिघडतो.

रासायनिक क्रियेच्या वेगासाठी असे समीकरण पहिल्यांदा मांडले ते याच साखरेवर. हायडेलबर्गच्या लुडविग विल्हेल्मीने १८५० मध्ये ते प्रसिद्ध केले आणि पोलरिमीटरच्या वाचनांशी ताडून पाहिले. पुढे बरीच वर्षे त्याकडे फारसे कुणी फिरकले नाही. १८८४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने ते पुन्हा पुढे आणले. विल्हेल्मीच्या मांडणीतला धीटपणा आज सहज नजरेतून सुटतो. साखर फुटताना पाणीही खर्च होते, मग पाणी समीकरणात का नाही? हिशेब करून पाहा: वरच्या मिश्रणात साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे पावणेदोनशे रेणू आहेत. सगळी साखर फुटली तरी पाणी जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटते. आम्ल उत्प्रेरक, ते खर्चच होत नाही. म्हणून दोघांना स्थिरांकाच्या पोटात घालता येते.

यावर आक्षेप असा की ही सोयीची गणिते झाली. खऱ्या जगात काहीच स्थिर नसते. आक्षेप रास्त आहे. ३० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले तर या क्रियेचा वेग साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. थर्मोस्टॅट नसलेल्या प्रयोगशाळेत सकाळी अकराला सुरू केलेला प्रयोग दुपारी दोनपर्यंत चालला तर लॉगची रेषा वाकणारच. पण ती वाकली म्हणूनच तापमान स्थिर गृहीत धरल्याचे ध्यानात येते. समीकरण लिहिलेच नसते तर वाकणे कशाच्या तुलनेत ओळखणार? उलट सरळ रेषेवरच जास्त संशय घ्यावा. ती सरळ आली म्हणून क्रियेत पाण्याचा सहभाग नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता संगणक कोणतेही समीकरण सोडवतो, मग ही डोकेफोड कशाला? त्याला उत्तर पुन्हा साखरेतच आहे. आम्लाऐवजी इन्व्हर्टेज हे एन्झाइम घातले तरी साखर तशीच फुटते, उपकरणही तेच. समीकरण मात्र चालत नाही. साखर भरपूर असताना एन्झाइमचे रेणू सगळे गुंतलेले असतात, त्यामुळे साखर वाढवून वेग वाढत नाही. शिवाय नुकतेच सुटलेले ग्लुकोज काही वेळ आपला कोन बदलत राहते, त्यामुळे पोलरिमीटर फसवतो. बर्लिनमध्ये मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये अल्कली घालून क्रिया थांबवली, कोन स्थिरावू दिला आणि सुरुवातीचे वेग मोजून वेगळेच समीकरण बसवले. संगणक दिलेली दोन्ही समीकरणे सोडवील. कोणते द्यायचे हे माणसाने ठरवायचे.

महाराष्ट्रात ही बाब पुस्तकी नाही. उसाचा रस मुळात आंबट, पीएच पाचच्या थोडा वर. आम्लाने होणाऱ्या इन्व्हर्जनचा वेग हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात असतो. पीएच एकाने चढला की तो दहापटीने उतरतो. कारखान्यात रसाला चुना देण्याचे हे एक मोठे कारण आहे. तोडून उन्हात पडलेल्या उसातली साखरही फुटते, पण ती मुख्यतः एन्झाइम आणि जिवाणूंमुळे. तिथे आम्लाचे समीकरण लावणाऱ्याला आकडा मिळेल, पण चुकीचा.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. ‘पुढील समीकरण सोडवा’ असे दहा प्रश्न खुशाल ठेवा, पण एका प्रश्नात समीकरण देऊ नका. रस, त्याचा पीएच आणि तापमान द्या. समीकरण विद्यार्थ्याला मांडू द्या, आणि त्याने काय वगळले व का, याला वेगळे गुण द्या.